‘आपल्या सोसायटीसारखेच’ नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील घरखरेदीवरचा लेख मी दोनदा वाचला. इतक्या दूर राहून आपले दैनिक रोज सकाळी फोनवर वाचणाऱ्या माझ्यासारख्याला आपल्या वस्तीचे नाव पुरवणीत पाहून आनंद व्हायला हवा होता आणि पहिल्या दोन परिच्छेदांपर्यंत तो झालाही. परंतु तिसऱ्या परिच्छेदात लेखकाने को-ऑप म्हणजे आपल्याकडची सहकारी गृहनिर्माण संस्थाच, तिच्या बोर्डाची मंजुरी ही केवळ औपचारिकता, पगाराची कागदपत्रे नीट असली म्हणजे झाले, असे लिहिले आहे. या वाक्यावर विसंबून महाराष्ट्रातले कोणी आईवडील मुलाच्या डाउन पेमेंटसाठी आपल्या ठेवी मोडतील, या काळजीने हे पत्र लिहीत आहे.

को-ऑपमध्ये सदनिका विकत मिळत नाही. इमारत एका कंपनीच्या नावावर असते, आपण त्या कंपनीचे समभाग घेतो आणि त्या समभागांच्या जोरावर आपल्याला सदनिकेत राहण्याचा दीर्घ मुदतीचा पट्टा मिळतो. विकणारा राजी असला, घेणारा राजी असला, बँकेने कर्ज मंजूर केले, तरी बोर्डाने, म्हणजे त्या कंपनीच्या संचालक मंडळाने, नाही म्हटले की व्यवहार तिथेच मोडतो. हे मी कुठे वाचलेले नाही. 2017 साली आम्हा पतीपत्नीवर हा प्रसंग आला आहे.

जॅक्सन हाइट्समधली दोन खोल्यांची ती जागा आम्ही आठ महिन्यांच्या शोधानंतर पसंत केली होती. 74व्या रस्त्यावरचे किराणा दुकान चालत सात मिनिटांवर, सात नंबरची मेट्रो त्याच्याही अलीकडे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आतल्या बागेतले एक जुने झाड दिसायचे. करारावर सह्या झाल्या, किमतीच्या दहा टक्के इसारा विकणाऱ्याच्या वकिलाकडे जमा झाला आणि मग बोर्डासाठी अर्जाचा गठ्ठा तयार करण्याचे काम सुरू झाले. तीन वर्षांची करविवरणपत्रे, बँकेची विवरणे, दोघांच्या मालकांची पत्रे, घरमालकाचे पत्र, शिवाय आम्ही माणसे म्हणून कसे आहोत हे सांगणारी स्नेह्यांची सहा पत्रे. पत्नीने जेवणाच्या टेबलावर त्या सगळ्यांच्या पाच प्रती मांडल्या, प्रत्येक विभागाला रंगीत पट्टी लावली आणि रात्री दीड वाजता पाने पुन्हा एकदा मोजली, कारण एक पान कमी असले तर गठ्ठा परत येतो असे एजंटने सांगितले होते. अर्जाचे शुल्क, पतपडताळणीचे शुल्क, व्यवस्थापन कंपनीचे शुल्क असे तीन वेगवेगळे धनादेश सोबत जोडले.

मुलाखत इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून असलेल्या एका लहान खोलीत झाली. पलीकडे यंत्रे फिरत होती, त्यामुळे प्रत्येकाला थोडे मोठ्याने बोलावे लागत होते. बोर्डाचे चार सदस्य होते आणि चौघेही अतिशय सौजन्याने वागले, हे मी मुद्दाम नमूद करतो. नोकरीबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला. नंतर एका वयस्कर गृहस्थांनी आमचे नातेवाईक भारतातून किती वेळा येतात आणि आले की किती दिवस राहतात, असे विचारले. पर्यटक व्हिसावर आईला सहा महिन्यांपर्यंत राहता येते, म्हणून मी खरे ते सांगितले. मग शेजारच्या बाईंनी, घरी रोज स्वयंपाक होतो का, असे पत्नीला विचारले. ती हो म्हणाली. बाईंनी हसून मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतले. बारा मिनिटांत आम्ही बाहेर आलो.

अकरा दिवसांनी व्यवस्थापन कंपनीची दोन ओळींची ई-मेल आली. बोर्डाने आपला अर्ज मंजूर केलेला नाही, आपल्या पुढील शोधास शुभेच्छा. बस, एवढेच. मी वकिलांना कारण विचारायला सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावले की कारण देण्याचे बंधन बोर्डावर नाही. मंडळाने आपल्या अधिकारात आणि सद्हेतूने घेतलेल्या निर्णयात न्यायालय ढवळाढवळ करणार नाही, हे तत्त्व न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने को-ऑप मंडळांना 1990 सालीच लागू केलेले आहे. वंश, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर नाकारणे 1968च्या संघीय कायद्याने बेकायदा आहे, शहराचा मानवी हक्क कायदा तर त्याहून कडक आहे. पण ज्याला कारणच सांगितलेले नाही त्याने ते कारण बेकायदा होते हे सिद्ध करायचे कसे? आम्हाला भारतीय म्हणून नाकारले, असा माझा दावा नाही. कदाचित कर्जाचे प्रमाण त्यांना जास्त वाटले असेल, कदाचित आमची शिल्लक कमी वाटली असेल. मला ते कळायला हवे होते एवढेच माझे म्हणणे आहे, कारण गेली कित्येक वर्षे फोडणी देताना माझी पत्नी आधी खिडकी उघडते आणि त्या बाईंनी कागदावर काय टिपले असेल याचा विचार तिच्या मनातून अजून गेलेला नाही.

इसारा परत मिळाला. वकिलाची फी, बँकेच्या मूल्यांकनाचा खर्च आणि ती तीन शुल्के गेली, ठरवून ठेवलेला व्याजदर मुदत संपल्यामुळे हातचा गेला. आईने चिपळूणहून वास्तुशांतीसाठी तांब्याचा कलश घेतला होता, तो दीड वर्ष कपाटात कागदात गुंडाळलेला राहिला. शेवटी आम्ही एल्महर्स्टमध्ये काँडो, म्हणजे थेट आपल्या नावावर होणारी सदनिका, घेतला, किंमत जास्त पडली, परंतु काँडोत बोर्डाला घेणारा पसंत नसेल तर त्याच किमतीला ती जागा स्वतः विकत घ्यावी लागते. को-ऑप आणि काँडो यांतला एवढा मोठा फरक आपल्या लेखात एका ओळीतही नाही.

आता ‘आपल्या सोसायटीसारखेच’ याबद्दल. माझे वडील डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे चौदा वर्षे सचिव होते. 1994 साली दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एका मुस्लिम कुटुंबाने घ्यायचे ठरवले आणि कमिटीतल्या तिघांनी त्यांना सभासदत्व नाकारावे असा आग्रह धरला. ती सभा आमच्याच घरात झाली, म्हणून मला आठवते. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 ची आपली जीर्ण प्रत काढली, कलम 22 उघडले आणि वाचून दाखवले की सभासदत्व नाकारले तर तो निर्णय कारणांसह अर्जदाराला कळवावा लागतो आणि तीन महिन्यांत काहीच कळवले नाही तर तो सभासद झाला असे मानले जाते. मग इतिवृत्ताची वही आणि पेन त्यांनी टेबलाच्या मध्यभागी ठेवले आणि म्हणाले, “ज्यांना नकार द्यायचा आहे त्यांनी कारण आपल्या हाताने लिहावे, खाली सही करावी, मी ते उद्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतो.” वही तशीच राहिली. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि ठराव मंजुरीचा लिहिला गेला. ते कुटुंब आजही तिथे आहे, बाबांच्या शेवटच्या आजारपणात रात्री रिक्षा आणायला त्यांचाच मुलगा धावला होता.

आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. मुंबईत आडनाव ऐकून, मांसाहार विचारून, एकटी बाई आहे म्हणून घर नाकारल्याच्या बातम्या आपणच छापता. पण कारण लिहायला लावणारा कायदा आणि न लिहिण्याची मुभा देणारी पद्धत यांना एकसारखे म्हणणे हे वाचकाची दिशाभूल करणारे आहे. त्या 1994च्या सभेत तीन माणसांचे मन बदलले नव्हते, त्यांना लिहावे लागणार होते म्हणून ती थांबली.

लेखात क्वीन्सच्या विविधतेचे पुष्कळ कौतुक आहे आणि ते खोटे नाही. चोवीस लाख वस्तीतले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले आहेत, फ्लशिंगच्या गणपती मंदिराच्या तळघरात डोसा मिळतो, रूझवेल्ट अव्हेन्यूवर एका चौकात पाच भाषा कानावर पडतात. परंतु रस्त्यावरची ही विविधता इमारतीच्या दारातून आपोआप आत जाते असे लेखकाने गृहीत धरले आहे. ज्या बागेभोवतीच्या इमारतींचे छायाचित्र आपण लेखासोबत छापले, त्या जॅक्सन हाइट्समध्ये क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने बांधल्या आणि 1920च्या दशकात तिथे ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना प्रवेशच नव्हता. आज तो काळ राहिलेला नाही. तरीही क्वीन्सला लागून असलेल्या लाँग आयलंडवर न्यूजडे या दैनिकाने तीन वर्षे छुपे ग्राहक पाठवून इस्टेट एजंटांची तपासणी केली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा गोऱ्या ग्राहकांच्या तुलनेत वेगळी वागणूक मिळण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांच्या बाबतीत 49 टक्के, हिस्पॅनिकांच्या बाबतीत 39 टक्के आणि आशियाईंच्या बाबतीत 19 टक्के आढळले. ते एजंटही हसतमुखच होते, ग्राहकांना त्या वेळी काही कळले नव्हते. एका दैनिकाने हे काम केले. दुसऱ्या दैनिकाने निदान त्याची दखल घेऊन लेख छापावा, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेखातल्या चौकटीत, स्वतंत्र घर घेतल्यास तळघर भाड्याने देऊन हप्ता भागवता येतो, असा सल्ला दिलेला आहे. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाच्या अवशेषांनी सेंट्रल पार्कमध्ये एका तासात तीन इंचांहून अधिक पाऊस पाडला. त्या रात्री न्यूयॉर्क शहरात 13 जणांचा जीव गेला, त्यांतले 11 जण तळघरातल्या घरांत बुडाले आणि त्यांतले बहुतेक क्वीन्समधले होते. स्थलांतरित माणसे होती, स्वस्त जागा म्हणून तिथे राहत होती. शहरातली अशी बहुतांश तळघरे बेकायदा भाड्याने दिलेली असतात, त्यांना बाहेर पडायला दुसरी वाट नसते. आमच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पदपथावर भिजलेल्या गाद्या, एक पाळणा आणि तांदळाची फुगलेली पोती पडलेली होती. तळघर भाड्याने देण्याचा सल्ला देताना, ते कायदेशीर आहे का हे इमारत विभागाकडून तपासून घ्या, एवढे एक वाक्य लिहायला जागा नव्हती का?

माझी विनंती साधी आहे. पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, को-ऑपच्या बोर्डाची मंजुरी ही औपचारिकता नसते आणि नकार कारणाशिवायही येऊ शकतो, ही दुरुस्ती छापावी. ज्यांची मुले सध्या क्वीन्समध्ये घर शोधत आहेत त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी, त्या इमारतीच्या बोर्डाने गेल्या दोन वर्षांत किती अर्ज नाकारले, हे आपल्या वकिलामार्फत विचारावे. उत्तर मिळेलच असे नाही, परंतु प्रश्न लेखी विचारावा. आमच्या त्या ई-मेलची प्रत, इमारतीचे नाव झाकून, सोबत जोडली आहे, ती छापायला माझी हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
एल्महर्स्ट, क्वीन्स, न्यूयॉर्क