कुठे गेली होती गं कंबर?

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता एकदम हे बाड. काहीतरी बिनसलंय हे पाकीट हातात घेतल्यावरच ओळखलं असशील. तब्येत तशी ठीक. साखर आटोक्यात, चष्म्याचा नंबर वाढला. कंबर आहे तिथेच आहे, आणि पत्र तिच्यापायीच.

महिन्याभरापूर्वी एका मंगळवारी वन्सं आल्या होत्या, चिंटूला घेऊन. मी आडवी. कूस बदलायची तर आधी पलंगाची कड धरायची, श्वास रोखायचा, गुडघे जुळवून मग वळायचं, असे माझे सोपस्कार चाललेले. तेवढ्यात गच्चीवरून वन्संची किंकाळी. चिंटू कठड्यावर चढला होता. पुढचं तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. अख्खा जिना मी अनवाणी धावत चढले, अठरा किलोचं पोर काखेत मारलं आणि खाली आणलं. तेव्हा कंबर दुखत होती का? छे! वीसेक मिनिटांनी हातांची थरथर थांबली आणि कंबरबाई परत आल्या, व्याजासकट.

संध्याकाळी हे हसत म्हणाले, "धावताना कुठे गेली होती गं कंबर?"

आठवलं ना? गुडघा दुखतोय म्हणून तू दिवसभर खोलीत झोपून, तुझ्या वाट्याचं पाणी मी भरलेलं, आणि रात्री तू नाटकात अडीच तास उभी. सगळ्या वसतिगृहासमोर मी विचारलं होतं, "स्टेजवर कुठे गेला होता गं गुडघा?" दीड वर्ष बोलली नाहीस. (माझी निळी शालही परत केली नाहीस. तो हिशेब वेगळा.)

तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा. मी सोंग तर करत नाही ना? त्यात डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळीच्या कागदावर वाचलं की ती नैराश्यावरची. झालं! म्हणजे बाईंनाही वाटतं की दुखणं माझ्या डोक्यात आहे. तीन आठवडे पाकीट खणात पडून होतं. शेवटी भांडायलाच गेले.

बाई आपल्या मिनीच्या वयाची, पण खमकी. जिन्याची हकिकत ऐकून तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर बीचर नावाच्या भूलतज्ज्ञाने जबर जखमी सैनिकांना विचारलं, दुखण्यावर काही देऊ का? चारातले तिघे नको म्हणाले. ते काय सोंगं करत होते? मग मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडलेलं फाटक तिने हाताने उघडून-मिटून दाखवलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला वाट द्यायची की अडवायची हे ठरतं, आणि मेंदू वरून हुकूम धाडतो. पोर पडेल ही भीती असली की फाटक बंद. 'आता काहीतरी मोडणार' ही भीती असली की सताड उघडं. माझं म्हणे उघडंच अडकून बसलंय. वरून येणाऱ्या त्या हुकमाच्या वाटेवर सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही निरोप्या रसायनं कामाला असतात. गोळी त्यांनाच बळ देते. नैराश्याचं औषध इथे का, तर म्हणून. मन उदास असो नसो.

इथवर मला पटलं. मग तिने माझा एमआरआयच निकालात काढला! 'मणक्यातली चकती झिजलीय' हा कागद दोन वर्षं मी आल्यागेल्याला दाखवत होते. ती म्हणे, काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांमध्येही 37 टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, ऐंशीत 96 टक्के. माझा एकुलता एक साक्षीदार फुटला गं. निघताना म्हणाली, 2020 मध्ये वेदनातज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली, तिच्यासोबत लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान ठेवावा. मी ते चिठोऱ्यावर लिहून आणलं, ह्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. अजून एक शब्द नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, ती डॉक्टरीणबाईंनाही सांगितली नाही. त्या मंगळवारपासून ह्यांची पावलं वाजली की मी जरा मोठ्याने कण्हते. दुखतच असतं, खोटं नाही. पण आवाज मी वाढवते. काल वन्संच्या फोनवर खळखळून हसले आणि लगेच दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

त्या नाटकानंतर आठवडाभर तू जास्तच लंगडायचीस. जिन्यावर मी मागून येताना दिसले की तुझा हात कठड्यावर जायचा. मी तोच सोंगाचा पुरावा धरला होता. सुमे, तेव्हा तूही हेच करत होतीस का? खरं सांग. हो म्हणालीस तरी चालेल, उलट बरंच वाटेल.

गोळी सुरू करून नऊ दिवस झाले. तोंडाला कोरड पडते, बाकी अजून काही नाही. रोज पाच मिनिटं चालायला सांगितलंय, मी सात चालते, मग घाबरून बसते.

नवीन जागा मानवली का? धाकटीच्या लग्नाचं काय ठरलं? अण्णांना ऐकू येतं का नीट, की अजून यंत्र काढून ठेवतात? सगळं लिही, पण आधी गुडघ्याचं.

तुझी,
मंदी

ता. क. शाल पाठवू नकोस. थंडीत सांध्यावर गुंडाळायला बरी पडते, म्हणजे तेव्हा तू तशीच वापरायचीस, मी पाहिलं होतं.