पाळणाघराशिवाय पाळणा हलणार कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातील तरुण जोडप्यांनी अधिक मुले होऊ द्यावीत, असा सल्ला हल्ली समारंभांतून वारंवार ऐकू येतो आणि त्याचा रोख बहुधा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींवर असतो. तो अन्यायाचा आहे, म्हणून हे पत्र.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, २.० होता, बिहारमध्ये तो ३.०, तर गोव्यात अवघा १.३ भरला. आधीच्या फेरीत गोव्याचाच आकडा १.७ होता आणि लोकसंख्या स्थिर राहायची तर साधारण २.१ लागतो. मुली शिकल्या, लग्ने उशिरा होऊ लागली, बालमृत्यू घटले आणि कुटुंबे लहान झाली, हे चांगलेच झाले. काळजी आहे ती दुसरे मूल हवे असूनही थांबणाऱ्यांची.

माझ्या शेजारची सून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते. सकाळी सातला कंपनीची बस तिठ्यावर येते, तेव्हा तिचा दोन वर्षांचा मुलगा झोपलेलाच असतो. उठल्यावर त्याला पेज भरवायला सासू आहे, म्हणून सुनेची नोकरी टिकली. पण सासूचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून दुसऱ्या मुलाचा विषय त्या घरात निघत नाही. नवऱ्याची नोकरी कंत्राटी. फोंड्यात फ्लॅट घेण्याचा विचार त्यांनी केव्हाच सोडला, कारण सुटीपुरते घर घेणाऱ्या बाहेरच्या धनिकांनी चढवलेले भाव इथल्या पगाराला झेपत नाहीत.

प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. मात्र रजेचा सारा खर्च मालकावरच ठेवल्याने बाईला कामावर घेतानाच हात आखडता घेतला जाण्याची भीती राहते, आणि छोटे कारखाने, दुकाने, लहान हॉटेले यांत राबणाऱ्या बायका पाळणाघराच्या तरतुदीबाहेरच राहतात. अंगणवाडीचा आधार आहे, पण आई कामावरून परतण्याच्या कितीतरी आधी ती सुटते.

सरकारने आणि कारखानदारांनी मिळून प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सामायिक पाळणाघर चालवावे, त्याची वेळ कामाच्या पाळ्यांशी जुळवावी आणि तिथल्या सेविकांना नियमित वेतन द्यावे. सुरुवात वेर्णा आणि कुंडई येथून करता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा