फंक रॉकची पहिली पिढी विसरू नये

रविवारच्या पुरवणीतील ‘रेड हॉट चिली पेपर्स’ या अमेरिकी रॉक बँडच्या ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ (१९९१) या अल्बमवरील लेख वाचला. अल्बमचे मोठेपण वादातीत आहे. पण फंक (बेस आणि ड्रमच्या ठेक्यावर उभे असलेले कृष्णवर्णीय अमेरिकी संगीत) आणि रॉकचा मिलाफ या चौघांनीच प्रथम घडवला, हे त्यातील विधान मान्य होण्यासारखे नाही.

‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या बँडचा ‘स्टँड!’ हा अल्बम १९६९ मध्येच आला होता. कृष्णवर्णीय आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष या बँडमध्ये एकत्र वाजवत. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचा बेसवादक लॅरी ग्रॅहम त्याआधी आईला साथ करत असे. सोबत ड्रमवादक उरला नाही, तेव्हा तो अंगठ्याने तारेवर ठोका देई, बोटाने तार खेचून सोडी आणि ड्रमची उणीव भरून काढी. हीच ‘स्लॅप’ शैली पुढे जगभर पसरली. चिली पेपर्सचा बेसवादक फ्ली याची सुरुवातीची ओळखही तीच.

‘फंकाडेलिक’ या फंक बँडचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन तर १९८५ मध्ये चिली पेपर्सच्याच ‘फ्रीकी स्टायली’ या अल्बमचे निर्माते होते, आणि त्या अल्बममध्ये स्लाय स्टोनचे एक गाणेही आहे. बँडने हे ऋण कधी लपवले नाही. लेखात मात्र त्याचा एका ओळीचाही उल्लेख नसावा, याचे वाईट वाटते. ‘स्टँड!’वर पुरवणीत स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक