मिथेनचा हिशोब बांधीपर्यंत येऊ द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मिथेन (गुरं, धानाचा चिखल यातूनही निघणारा, हवा तापवणारा वायू) कमी करायच्या बातम्या पेपरात येऊन राहिल्या म्हणून लिहितो. 2021 ला ग्लासगोच्या परिषदेत ठरलं की 2020 च्या तुलनेत 2030 पर्यंत जगातलं मिथेन 30 टक्के कमी करायचं, दीडशेच्या वर देश त्यात गेले, आपण नाही गेलो. गुरंढोरं आणि धान यावर लहान शेतकऱ्याचं पोट आहे हे सरकारचं म्हणणं पटते मला. पण सही नाही केली तरी दिल्लीहून संयुक्त राष्ट्रांना हिशोब जातोच ना, आणि त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास मिथेन शेतीच्या नावावर आहे!

हा हिशोब मुख्यतः गुरं किती, धानाचं क्षेत्र किती, याला ठरावीक आकड्याने गुणून निघतो. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, पाणी किती दिवस उभं होतं हे विचारायला आमच्याकडे तरी कोणी आलं नाही, आणि खरी गोष्ट तर तिथंच आहे. पाणी उभं राहिलं की चिखलात हवा जात नाही, मग तिथले जंतू मिथेन करतात. भोकं पाडलेला पाईप बांधीत गाडायचा, त्यात पाणी जमिनीच्या 15 सेंटीमीटर खाली गेलेलं दिसलं की मगच पुन्हा भरायचं (धान निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना मात्र पाणी हटवायचं नाही), एवढ्याने मिथेन बरंच कमी होते. पण नहराचं पाणी पाळीने येते, बांधी सुकू दिली आणि पुढची पाळी लांबली तर भेगा पडतात, मग नुकसान कोण भरून देणार? म्हणून जो तो मिळेल तेव्हा तुडुंब भरून ठेवते.

शेणातलं मिथेन चुलीत जाळायला गोबर गॅस असते, त्याचंही तसंच. अनुदानावर किती बांधले ते सांगतात, चालू किती ते कोणी सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या एकाच्या टाकीत बेशरम उगवली आहे, कागदावर तो अजून गॅस देत असेल.

आणि नुसतं शेतकऱ्यालाच काय धरता, चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणी, शहरातले कचरा डेपो, तिथूनही मिथेन निघते. तिथं मालक एक, जागा एक, मोजणं आमच्या तुकड्या-तुकड्यांच्या बांध्यांपेक्षा सोपं, मोठी गळती तर आता सॅटेलाइटवरून दिसते.

हा वायू 20 वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा 80 पट तापवतो, पण साधारण 12 वर्षांत हवेतून जातोही, म्हणून आत्ता कमी केला तर फरक लवकर पडेल. जिल्हावार आकडे लावा, आणि उन्हाळी धानाला पाळीच्या तारखा आधी जाहीर करून पाळा, पाईप मी स्वतःच्या पैशाने गाडतो, त्याला अनुदान नको.

एक धान उत्पादक, जि. भंडारा