मळा तारण ठेवण्याआधी

वाकड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, काकांनी वाळव्याच्या मळ्यावर कर्ज काढून त्यांच्या धाकट्याला पुण्यातल्या खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून एआय-डेटा सायन्सला घालायचे ठरवले आहे, सातबारा सामाईक असल्यामुळे तुमची सही लागणार आहे, आणि "ताई त्याच क्षेत्रात आहे, तिला विचारून सांगतो" असे तुम्ही त्यांना म्हणाला आहात, हे आईकडून कळले. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही "तुझी नोकरी नीट आहे ना?" एवढेच विचारता आणि आई जेवणखाण्यावर येते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे मत आधीच सांगून टाकते: सही करू नका. मुलाने कॉम्प्युटर शिकू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्या भावात ती पदवी विकत घेतली जात आहे त्या भावाला माझा विरोध आहे.

आमच्या आयटीच्या धंद्याचे गणित तुम्हाला कधी नीट सांगितले गेले नाही. परदेशातला क्लायंट बहुतेक वेळा माणसामागे, तासाच्या हिशेबाने पैसे देतो. वर थोडे अनुभवी लोक आणि खाली नव्या पोरांची मोठी फळी, अशी टीमची बांधणी असते. नव्या पोराला पगार कमी असतो, पण क्लायंटला त्याचेही बिल लागते, आणि या दोहोंतला फरक हाच कंपनीचा नफा. म्हणून तर कॉलेजांतून हजारोंनी मुले उचलली जात होती. त्यांच्याविषयी कुणाला विशेष माया होती असे समजू नका. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचा वर्षाचा पगार गेली दहा-बारा वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. एवढ्या काळात पुण्यातले घरभाडे आणि मेसचे पैसे कुठल्या कुठे गेले, हे वेगळे सांगायला नको. वर बसलेल्यांचे पगार मात्र या काळात थांबले नाहीत. याची ओरड झाली नाही, कारण गेटबाहेरची रांग कधी संपली नाही.

आता त्या खालच्या फळीचे काय होते आहे ते पाहा. माझ्या टीमकडे एका विमा कंपनीचे काम आहे. हप्ता काढणारा प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे तपासण्यासाठी शेकडो टेस्ट केस लिहाव्या लागतात: वय अठरा पूर्ण व्हायला एक दिवस कमी असेल तर काय, हप्ता सुट्टीच्या दिवशी थकला तर काय, जन्मतारीख २९ फेब्रुवारी असेल तर काय. पूर्वी हे काम नव्या मुलांचे असे. तासगावची एक मुलगी पहिल्या वर्षी हेच करत होती, आणि करता करता तिला विम्याचा धंदाच कळला. पुढे क्लायंटच्या माणसाला त्याच्याच नियमातली चूक दाखवण्याइतकी ती तयार झाली. आज त्या टेस्ट केस एआयचे टूल काही मिनिटांत लिहून देते आणि एक अनुभवी माणूस त्या वाचून दुरुस्त करतो. काम होते, स्वस्तात होते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा बरेही होते. पण ती मुलगी ज्या पायरीवर उभी राहून शिकली ती पायरीच निघून गेली. नव्या प्रोजेक्टची मागणी लिहिताना आम्ही आता फ्रेशरच्या जागा कमी दाखवतो, आणि उद्याचे अनुभवी लोक कुठून येणार हा प्रश्न मीटिंगमध्ये काढला की सगळे माना डोलावतात आणि पुढच्या विषयावर जातात.

अशा टूलपैकी सर्वांच्या तोंडी असलेले चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस लोकांसमोर आले, आणि एवढ्या थोड्या काळात हे सगळे झाले. काकांचा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेल तोवर ही पायरी असेल की नसेल, असेल तर कुठल्या रूपात असेल, याची हमी ते कॉलेज देऊ शकत नाही. ते फक्त शाखेचे नाव बदलू शकते, आणि तेवढे त्याने तत्परतेने केले आहे.

माझ्या नोकरीचेही सांगते, म्हणजे फोनवर पुन्हा विचारायला नको. जुलै २०२५ मध्ये टीसीएस या मोठ्या आयटी कंपनीने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक लोक कमी करणार असल्याचे जाहीर केले, आणि त्यात भर होता तो मधल्या आणि वरच्या फळीवर, म्हणजे माझ्यासारख्यांवर. कंपनीने कारण दिले ते कौशल्ये न जुळण्याचे, एआयचे नव्हे. माझी कंपनी वेगळी असली तरी वारा तोच आहे. मला आज धोका दिसत नाही. उद्या दिसला तर माझ्याकडे फ्लॅटचा हप्ता भरण्याइतकी शिल्लक आहे आणि अनुभव आहे. धाकट्याकडे यांपैकी काहीही नसेल, डोक्यावर कर्ज मात्र असेल.

एआयमुळे वाचणारा पैसा मग जातो कुठे, असे तुम्ही विचाराल. एनव्हिडिया नावाची अमेरिकन कंपनी आहे. एआयला लागणाऱ्या चिप ती आखून देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरच्या वर गेले. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिच्याकडे काम करणारी माणसे होती सुमारे छत्तीस हजार. एकट्या टीसीएसमध्ये तेव्हा सहा लाखांहून अधिक लोक काम करत होते आणि तिचे मूल्य याच्या पासंगालाही पुरत नाही. मालकी ज्यांच्याकडे आहे, शेअर ज्यांच्याकडे आहेत, त्यांची संपत्ती झोपेतही वाढते. पगारावर जगणाऱ्याची वर्षातून एकदा, तीही अप्रेझल बरे झाले तर. आपल्या देशापुरते बोलायचे तर वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा होता. मी स्वतः त्या एक टक्क्यात नाही, पण मधल्या बऱ्यापैकी सुखी थरात आहे, आणि त्या थरात बसलेली माणसे "शिकले की होते" असे फार सहज म्हणतात. मी शिकले आणि झाले, याचे कारण माझी हुशारी जेवढे तेवढेच हेही आहे, की मी नोकरीला लागले तेव्हा खालची फळी भरली जात होती.

आपल्या घराने हे एकदा पाहिले आहे. आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. सातारा, सांगली आणि कोकणातली किती घरे त्या पगारावर चालत होती, हे मी तुम्हाला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरच झाले नाही. यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, गिरण्यांची ती अवस्था टिकणारी नव्हती, हे सगळे खरे मानले तरी पुढे जे झाले ते यंत्रांमुळे झाले नाही. गिरण्यांखालची जमीन सोन्याच्या भावाची होती. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे तीन भाग व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. म्हाडाच्या आणि महापालिकेच्या वाट्याला तुकडे आले, मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि हजारो कामगार व त्यांचे वारस अजून सोडतीतल्या घरांची वाट पाहत आहेत. काम जाणे एक वेळ अटळ असेल. काम गेल्यावर जे उरते ते कुणाच्या पदरात पडावे, हे माणसेच ठरवतात. आजही तेच ठरते आहे, फक्त जमिनीच्या जागी डेटा आणि चिप आहेत आणि ठरवणारे लालबागेत किंवा मंत्रालयात नाहीत, त्यामुळे मोर्चा न्यायचा कुठे हेही कळत नाही.

आजोबा परत आले तेव्हा मळा मोकळा होता. त्यावर बोजा नव्हता म्हणून घर तरले, तुमचे शिक्षण झाले. काकांना हे एवढे एक वाक्य सांगितले तरी पुरे आहे.

आई, तू ज्या पार्सलवाल्या मुलाला दारात थांबवून पाणी देतेस आणि "एवढी घाई कशाला रे?" म्हणून रागावतेस, तो जतकडचा आहे आणि बी.कॉम. झालेला आहे, असे तूच मला सांगितलेस. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात ॲपवरून मिळणारी अशी कामे करणारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. ज्यांना ऑफिसात जागा मिळणार नाही त्यांतले पुष्कळ याच रस्त्यावर येतील, ही माझी खरी भीती आहे. बाबा, तुमची सगळी नोकरी कारखान्याच्या शेतकी विभागात गेली, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याला आकडा दिसतो. शंका आली तर तो बाहेरच्या काट्यावर वजन करून येतो, काटामारी सापडली तर आरडाओरडा करतो, आणि सभासद असेल तर वार्षिक सभेत उभा राहून चेअरमनला जाब विचारतो. शेअर कितीही असोत, मत एकच. त्या पार्सलवाल्या मुलाला मात्र कोणती ऑर्डर कितीला मिळाली, शेजारच्याला त्याच अंतराला जास्त का मिळाले, रेटिंग का घसरले, खाते एका रात्रीत बंद का झाले, यांतले काहीही दिसत नाही. त्याचा काटा हजार मैलांवर आहे आणि तो कुणी तपासायला जाऊ शकत नाही. सहकार काही धुतल्या तांदळासारखा नाही, त्याच त्या घराण्यांच्या पॅनेलना मत देऊन आणि थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर बसून आपल्या लोकांनी तो पुरेसा भोगला आहे. पण बोट कुणाकडे दाखवायचे हे तिथे निदान माहीत असते.

कायदा हळूहळू हलतो आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची; ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची आहे, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून ती अधिक असणार नाही. किमान वेतनाची आणि कामाच्या तासांची हमी त्या संहितेत नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात, काम काढून घेण्याआधी चौदा दिवसांची नोटीस आणि ॲप कोणत्या निकषांवर काम व पैसे ठरवते ते कामगाराला सांगण्याची सक्ती आहे. म्हणजे आपल्या म्हैसाळच्या पलीकडे कागवाडला जो हक्क आहे तो सांगलीच्या मुलाला नाही. उमेदवार मते मागायला येतील तेव्हा रस्त्याबरोबर हेही विचारा.

आता काकांना काय सांगायचे ते. धाकट्याला सीईटी देऊ दे आणि कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, जे मिळेल ते घेऊ दे. सांगलीत वालचंदसारखे अनुदानित कॉलेज आहे. तिथे इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल मिळाले तरी मी ते खासगी कॉलेजातल्या एआयच्या पाटीपेक्षा वरचे समजेन, कारण पाया पक्का असलेल्या मुलाला प्रोग्रामिंग शिकता येते आणि ते मी स्वतः दर रविवारी शिकवायला तयार आहे. तरीही पैसे कमी पडले तर बँकेचे शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते. त्यासाठी मळ्याला हात लावायची गरज नाही. कागदपत्रांचे मी पाहते.

आणखी एक गोष्ट काकूंच्या कानावर घाला, काकांच्या आधी. धाकटीला दहावीला भावापेक्षा जास्त गुण होते आणि तिच्यासाठी कुणी कर्जाचे नाव काढलेले नाही. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण शिक्षण शुल्क भरते; मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. म्हणजे ज्या घरात एका मुलासाठी मळा जाणार आहे त्याच घरातली मुलगी जवळजवळ फुकटात इंजिनिअर होऊ शकते. उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवायला सांगा, जूनमध्ये तहसीलला उभे राहायलाही जागा नसते.

काकांना हे पत्र वाचून दाखवायला माझी हरकत नाही. काटामारी आणि पॅनेलचा भाग तेवढा गाळा. यंदाच्या निवडणुकीत ते कुणाबरोबर फिरत होते हे मला माहीत आहे.

आईने गुडघ्याच्या गोळ्या बंद केल्या आहेत असे दिसते. तिला सांगा, मी विचारले आहे.

तुमची,
ताई