बाबा, पुस्तक प्रेसला जातंय

केंब्रिज

ती. बाबा आणि ती. आई, सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की नक्की कसलं पुस्तक काढतेयस आणि छापतंय कोण, आणि मी म्हटलं सविस्तर लिहिते. तर हे सविस्तर, जरा लांबेल, पण छपाईचा भाग तुम्ही नीट वाचा कारण तुमचं मत हवंय, आणि आई, शेवटी तुझ्यासाठी एक काम आहे.

पुस्तक आहे झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या कॉम्प्युटरवर. २३ एप्रिल १९८२ ला तो जाहीर झाला, इथल्याच, केंब्रिजच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा. छोटासा काळा डबा, रबराच्या ४० कीज, उजव्या कोपऱ्यात लाल-पिवळा-हिरवा-आकाशी असे तिरके पट्टे. मॉनिटर नाही, घरातला टीव्ही जोडायचा. डिस्क नाही, कॅसेट प्लेयर जोडायचा. १६ केबी मेमरीवाला १२५ पौंडांना आणि ४८ केबीवाला १७५ ला, आणि त्यामुळे कितीतरी साध्या नोकरदारांच्या घरात कॉम्प्युटर आला. आई, तू रोज सकाळी ग्रुपवर फुलांचा जो फोटो टाकतेस ना, तेवढासुद्धा त्या ४८ केबीत मावणार नाही, आणि तेवढ्यात लोकांनी अख्खे गेम लिहिले. सगळी मॉडेल्स धरून ५० लाखांच्या वर विकला गेला, १९९२ पर्यंत बनत होता.

आता यावर पुस्तकं नाहीत असं नाही, भरपूर आहेत, पण ती एकतर सिंक्लेअर साहेबांवर असतात नाहीतर गेम्सवर. मला ज्यांच्या हातातून हे मशीन गेलं त्या लोकांचं पुस्तक हवं होतं. आणि ते कोणी काढत नाही म्हणून मी काढतेय, एवढंच खरं कारण आहे.

उदाहरणार्थ डंडी. स्कॉटलंडमधलं गाव, तिथे टायमेक्सचा घड्याळांचा कारखाना होता, आणि घड्याळांचं काम कमी झाल्यावर स्पेक्ट्रम तिथे जोडला जायचा. लाइनवर बहुतेक सगळ्या बायका. घड्याळाच्या बारीक कामाला सरावलेली बोटं होती, म्हणून तर हे काम जमलं. १९९३ मध्ये मोठा संप झाला, फार कडवटपणा आला, आणि कारखाना बंद पडला. मी तिथे काम केलेल्या काही आज्यांना भेटले. त्यातल्या एकीने समोरच्या टेबलावर, हातात काहीच नसताना, मला करून दाखवलं की कीजची रबराची चटई कशी बसवायची, तिच्यावर धातूची प्लेट, ती चिकटपट्टीवर चिकटायची, मग अंगठ्याने कडेकडेने दाबत जायचं. चाळीस वर्षं झाली तरी अंगठा बरोबर कोपऱ्यावर थांबत होता. मी तिच्या हातांचे फोटो काढलेत, चेहऱ्याचा नको म्हणाली. ते प्रकरण पुस्तकात सगळ्यात मोठं आहे आणि ते मी कोणाच्याही सांगण्यावरून कमी करणार नाही.

दुसरं मोठं प्रकरण चित्रांचं. गेम कॅसेटवरून लोड व्हायला पाचेक मिनिटं लागायची, तोवर पोराने टीव्हीसमोर काय करायचं, म्हणून आधी एक चित्र लोड व्हायचं. ते कसं यायचं हे सांगते कारण ते बघण्यासारखं आहे. चित्राचे एकूण ६९१२ बाइट्स, त्यातले पहिले ६१४४ म्हणजे नुसते ठिपके, रंग नाहीत. स्क्रीनचे तीन आडवे भाग, आधी वरचा भाग भरणार, तोही सरळ वरून खाली नाही, आधी पहिली ओळ, मग नववी, मग सतरावी अशा ओळी सोडून सोडून, मग परत वर जाऊन दुसरी, दहावी, असं जाळीसारखं चित्र भरत जायचं. मग मधला भाग, मग खालचा. आणि सगळं रेखाटन पूर्ण झालं की शेवटचे ७६८ बाइट्स, ते रंग, झरझर वरून खाली ओतल्यासारखे. कडेला बॉर्डरवर निळे-पिवळे पट्टे थरथरत असायचे आणि कॅसेटचा कर्कश आवाज. इथे पन्नाशीच्या माणसाला तो आवाज ऐकवला की त्याचा चेहरा बदलतो, मी बघितलंय.

आणि रंगांची अडचण अशी की ८ बाय ८ ठिपक्यांच्या एका चौकोनात फक्त दोनच रंग. तिसरा आला की शेजारचा बिघडणार. मेमरी वाचवण्यासाठी केलेली ती युक्ती होती, रिचर्ड ऑल्टवासर या इंजिनियरने हार्डवेअर केलं होतं त्यातली, आणि त्या युक्तीपायी चित्रकारांना काय काय करावं लागलं! चौकटीच्या कागदावर आधी आखायचं, चेहऱ्याची कड बरोबर चौकोनाच्या रेघेवर आणायची, सावली रंगाने नाही तर एक सोडून एक ठिपक्याने दाखवायची. १९८४ च्या नाइट लोर या गेममध्ये तर प्रत्येक खोली एकाच रंगात ठेवली, म्हणजे भांडणच नको. मला ही माणसं खरी कलाकार वाटतात आणि पुस्तकात त्यांची चित्रं पूर्ण पान देऊन यायलाच हवीत.

आता बाबा, तुमचा भाग. चित्र आहे २५६ बाय १९२ ठिपक्यांचं. ते छपाईसाठी मोठं करताना कॉम्प्युटर आपोआप कडा मऊ करतो आणि सगळं धुरकट होतं, ते बंद करायचं. शिवाय मोठं करायचं ते पूर्ण पटीतच, एका ठिपक्याचे ५ बाय ५, साडेचार चालत नाही, नाहीतर काही ठिपके जाड काही बारीक होतात आणि ती एक सोडून एक ठिपक्याची सावली पट्ट्यापट्ट्यांची दिसायला लागते. पाच पटीत ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले की, रुंदी येते १०८ मिमी, म्हणून मी पानाची साइज चित्रावरून ठरवली, डिझायनर आधी म्हणत होता की उलट करतात, पण नमुना बघितल्यावर त्यालाही पटलं.

आणि रंगांबद्दल मला जे सुचलंय ते तुम्हालाच सांगायचं होतं, बाकी कोणाला एवढा आनंद होणार नाही. स्पेक्ट्रमचे रंग आठ: काळा, निळा, लाल, मॅजेंटा (गडद गुलाबी), हिरवा, सायन (आकाशी), पिवळा, पांढरा. स्क्रीनवर लाल-हिरवा-निळा हे तीन एकतर चालू एकतर बंद, त्यातून हे आठ होतात. आता तुमच्या छपाईच्या मशीनचा विचार करा. सायन, मॅजेंटा, यलो, प्रत्येक शाई एकतर पूर्ण सॉलिड एकतर अजिबात नाही, तर तेच आठ येतात ना! मॅजेंटावर यलो म्हणजे लाल, सायनवर यलो म्हणजे हिरवा, सायनवर मॅजेंटा म्हणजे निळा, काळ्याला आपला काळा आहेच. म्हणजे फिक्या-गडद छटांसाठी छपाईत जे बारीक ठिपके टाकतात तो हाफटोनचा डॉटच या चित्रांना लागत नाही, प्रत्येक ठिपक्याची कड सुरीने कापल्यासारखी येते. निळा जरा जांभळ्याकडे जातो म्हणून तिथे मॅजेंटा थोडा कमी केलाय, आणि स्पेक्ट्रमची जी मंद छटा असते तिच्यात थोडा काळा, तेवढ्यापुरता डॉट आहे. बाकी सॉलिड. फक्त रजिस्ट्रेशन, म्हणजे एका शाईवर दुसरी बरोबर बसणं, केसभरही हललं तर पांढऱ्या कडा दिसणार.

म्हणून तुम्हाला विचारतेय: एवढं सॉलिडवर सॉलिड छापताना ओली शाई पुढच्या शीटच्या मागे उठण्याची भीती किती? पावडर जास्त मारायला सांगू का शीट वाळायला वेळ द्यायला सांगू? आणि कागद मॅट आर्ट घ्यावा का साधा? मला साधा आवडतो हाताला, पण त्यावर रंग शोषला जाऊन मेल्यासारखा दिसेल असं वाटतं. इथला प्रेसवाला चांगला माणूस आहे पण तुम्ही ज्या रंगांवर हयात घालवलीत त्यावर तुमचा शब्द मला जास्त चालतो.

२२४ पानं आहेत, १६ पानांचे बरोबर १४ फर्मे, दोऱ्याने शिवून बांधणार. आधी मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून देणाऱ्या एका कंपनीकडून नमुना मागवला होता, पण त्याची पाठ उघडताना कडकड वाजत होती आणि काळा रंग राखाडी होता, तेव्हा ऑफसेटवरच ५०० प्रती काढायचं पक्कं केलं. पैसे आपल्याकडे प्रकाशनपूर्व नोंदणी करतात तसेच उभे केलेत, लोकांनी आधी पैसे भरले आणि ठरलेली रक्कम जमली म्हणूनच काम पुढे गेलं. माझ्या बचतीला हात लावलेला नाही, आई, काळजी करू नकोस. प्रकाशक मीच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, इथे नील्सन या कंपनीकडून विकत घ्यावा लागतो, भारतात तो फुकट मिळतो हे इथे सांगितलं की लोक थक्क होतात. पुस्तकावर व्हॅट मात्र शून्य. आणि प्रकाशित झाल्यावर महिन्याच्या आत एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला द्यायची, कायदाच आहे. डंडीच्या त्या आज्यांचे हात ब्रिटिश लायब्ररीत जाणार, मला याचं फार म्हणजे फार बरं वाटतं.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं होतं पण केलं. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना विकत घेतले होते, तेव्हा जुना लोगो कव्हरवर न वापरता नुसते रंगीत पट्टे घेतलेत, आणि ज्या ज्या चित्रकाराचा पत्ता लागला त्याला लिहून विचारलं. बरेच जण तेव्हा शाळकरी पोरं होती, आता साठीला आलेत, आणि कोणीतरी त्यांच्या चित्राबद्दल विचारतंय यानेच हरखून जातात. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांची चित्रं वगळली, मन दुखलं पण वगळली.

एक गोष्ट राहिलीच. मशीन चालू केलं की स्क्रीनवर तळाशी कॉपीराइटची एक ओळ यायची आणि बस्स, पुढे काहीच नाही. काहीतरी टाइप केल्याशिवाय ते काहीच करणार नाही. पीची की दाबली की अख्खा प्रिंट हा शब्द उमटायचा. आणि सोबत जे मॅन्युअल यायचं, स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिलेलं, मशीनमधल्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा मोठा भाग पण त्यांनीच लिहिलेला, ते मॅन्युअल वाचून हजारो मुलं प्रोग्रॅमिंग शिकली, क्लास नाही मास्तर नाही. मला हा भाग लिहिताना सारखी तुमची आठवण येत होती बाबा, तुम्ही पण मशीनसोबत आलेली पुस्तिका वाचून वाचूनच शिकलात.

तर आई, आता तुझं काम. हे मशीन आपल्याकडे पण बनत होतं, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने लायसन्स घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाने काढलं होतं, रबराऐवजी कडक कीज असलेलं मॉडेल. आणि मला पक्कं आठवतंय की नानामामांच्या माळ्यावर तो खोका होता. शेवटच्या फर्म्यात मी पुण्याच्या मशीनसाठी चार पानं रिकामी ठेवलीत, पण इथे कोणाकडे त्याचा चांगला फोटोच नाही. तू मामांना गाठ. वरून, समोरून, मागच्या बाजूने जिथे वायरी जोडतात तिथून, आणि तळाशी नंबरची पट्टी असेल तिचा जवळून, असे फोटो हवेत. दिवसा खिडकीपाशी काढा, फ्लॅश नको. पुसायचा असेल तर कोरड्या फडक्यानेच. आणि मामांना दटावून सांग की चालू होतो का बघायला जाऊ नका, त्याला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि त्याची प्लस-मायनस नेहमीच्या अडॅप्टरच्या उलटी असते, घरातला दुसरा कुठलातरी लावला की जळलाच. उघडू पण नका, आत कीबोर्डची जी पातळ प्लास्टिकची पट्टी असते ती इतक्या वर्षांत कडक होऊन तुटायला आलेली असते.

खोक्यात मामांची वही असेल, त्यांनी हाताने उतरवून घेतलेले प्रोग्रॅम्स, ती सापडली तर मशीनपेक्षा जास्त आनंद होईल मला. तिच्या पानांचे पण फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो बारीक करून टाकतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर दादाला ईमेल करायला सांग. प्रेसला फाइल महिनाअखेरीस द्यायचीय, तेव्हा जरा घाई कर, आणि बाबा, कागदाचं तेवढं त्याच्या आत कळवा.

तुमची,
बेबी