आधी एक पट्टी वाकवून बघ

रत्नागिरी

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

मासळी धुण्याच्या ट्रेची तू सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल उघडून बघितली. डावीकडच्या पायऱ्यांच्या यादीत लाल खुणांची रांग लागलीय, पण मोडलंय ते एकच. बाकीची सगळी त्याच्यावर टेकून उभी होती म्हणून पडली. त्यामुळे दुरुस्ती खालून सुरू करू नकोस, सगळ्यात वरची लाल खूण धर.

निचऱ्याच्या भोकाचं माप तू कोपऱ्याच्या फिलेटच्या (गोल केलेल्या कोपऱ्याच्या) कडेवरून घेतलंस. मग ते फिलेट काढून नवीन घातलंस. डोळ्यांना कड तीच दिसते, सॉलिडवर्क्सच्या लेखी मात्र जुनी कड गेली ती गेलीच. यादीतली रोलबॅकची पट्टी (मॉडेल मागच्या पायरीवर नेणारी) त्या भोकाच्या स्केचच्या, म्हणजे रेखाकृतीच्या, खाली ओढून आण, स्केच उघड, लोंबकळणारं (आधाराची कड हरवलेलं) माप काढ आणि ओरिजिनपासून, म्हणजे शून्यबिंदूपासून, किंवा मधल्या प्लेनपासून नवं दे. पट्टी एकेक पायरी खाली सोडत जा. शेवटी कंट्रोल आणि क्यू दाब. कंट्रोल आणि बी फक्त बदललेलंच पुन्हा बांधतं, क्यू अख्खं मॉडेल पहिल्यापासून बांधतं. स्केचमध्ये निळी रेघ उरली असेल तर तिला माप नाही, काळी होईस्तोवर सोडू नकोस. आणि फिलेट यादीत सर्वांत शेवटी घालायची सवय लाव. त्यांच्या कडेवरून माप घ्यायचा मोहच होत नाही.

आता खरं दुखणं. लिपवरची, म्हणजे ट्रेच्या वाकवलेल्या काठावरची, भोकं जुळत नाहीत, त्याला लेझरवाला जबाबदार नाही. 2 एमएम पत्र्याला तू आतली त्रिज्या 2 आणि के-फॅक्टर (वाकताना न ताणणारा, न आखडणारा थर पत्र्याच्या जाडीत कुठे आहे ते सांगणारा आकडा) 0.44 ठेवलास. त्या हिशेबाने 90 अंशांच्या एका बेंडला (वाकवणीला) बाहेरच्या मापांच्या बेरजेतून 3.48 एमएम वजा होतात. पण आपल्याकडे हवेतच वाकवतात, डायच्या (खालच्या साच्याच्या) तळापर्यंत दाबत नाहीत. तेव्हा आतली त्रिज्या मुख्यतः डायमधल्या व्ही आकाराच्या खाचेच्या रुंदीवर ठरते. 16 एमएमच्या व्हीत स्टेनलेस वाकवलं तर ती 3 च्या पुढे जाते, तुझी 2 कागदावरच राहते.

म्हणून त्याच पत्र्यातून 100 एमएम लांबीची, 30 रुंदीची पट्टी काप. आधी तिची लांबी व्हर्नियरने मोज, 100 आहे असं धरून चालू नकोस. त्याच डायमध्ये मध्यावर 90 अंशांत वाकव आणि कोन गुण्याने तपास. मग दोन्ही बाजू बाहेरून मोजून बेरीज कर. लांबी नेमकी 100 असून बेरीज 103.9 आली तर डिडक्शन, म्हणजे वजावट, 3.9. के-फॅक्टरच्या भानगडीत न पडता हाच आकडा बेंड डिडक्शनच्या रकान्यात भर. फरक 0.42 चा, क्षुल्लक वाटेल. पण ट्रेच्या रुंदीत चार बेंड आहेत, म्हणजे जवळपास 1.7 एमएम पत्रा जास्त कापला जातो. बेंडिंगवाला मागच्या टेकणीवरून एकेक बेंड घेत जातो आणि ही सगळी चूक शेवटच्या लिपवर जमा होते. नेमकी तिथेच तुझी बोल्टची भोकं आहेत. पट्ट्या दोन वाकव, एक पत्र्याच्या रोलिंगच्या (लाटण्याच्या) दिशेने आणि एक आडवी.

लेझरवाल्याला डीएक्सएफ (कापायच्या नकाशाची फाइल) पाठवताना स्केल एकास एक ठेव, आणि बेंडच्या रेघा वेगळ्या लेयरवर टाक किंवा काढूनच टाक, नाहीतर लेझर त्याही कापून मोकळा होतो. पाठवण्याआधी तीच फाइल परत उघडून एक ओळखीचं माप मोज. 25.4 पट फरक दिसला तर इंच-एमएमचा घोळ आहे. असेंब्ली नुसती ईमेलला जोडू नकोस, पॅक अँड गो करून, म्हणजे सगळे भाग एकत्र बांधून, पाठव. मागच्या वेळी सुटे भाग तुझ्याच कॉम्प्युटरवर राहिले होते.

हो, मटेरियल 304 स्टेनलेस लिहिलंयस, ते 316 कर. मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रे दिवसभर खाऱ्या पाण्यात असणार. 304 ला वेल्डजवळ बारीक खड्डे पडायला लागतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते इथे उपयोगी पडतं. ड्रॉइंगवर फिलर, म्हणजे वेल्डिंगची तार, 316 एल असंही लिही, नाहीतर वेल्डर हाताला लागेल ती तार वापरेल.

पट्ट्यांचे आकडे आले की लगेच कळव. पत्रा कापायला त्यानंतरच देते.

तुझी आई